कोखेमचा किल्ला आणि आमचं शिवार

मैत्रिणींनो, आज वेळ अमावस्या, आमचा शेतातल्या पूजेचा सण. सगळं लातूर शेतावर गेलेलं, आम्हीही निलंग्याच्या शेतावर.

उन्हं कलल्यावर जर्मनीहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. नातवाने त्यांचं छोटंसं गाव, कोखेम दाखवलं. वळण घेणारी मोझेल नदी, उतारावरचे द्राक्षमळे, वर किल्ला.

"आजी, फ्रेंचांनी हा उडवला होता. मग परत बांधला!"

"लई हुशार हाय की पोरगं!" जाऊबाई म्हणाल्या.

मी फोन फिरवून हिरवी ज्वारी, पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप दाखवली. "आणि हे तुझं गाव."

"नाही आजी, माझं गाव हे."

लेक हळूच म्हणाली, "आई, आंबिलीचा माठ जवळून दाखव ना."

त्यांना यायला जमतं ते एप्रिलमधल्या ईस्टरच्या सुट्टीत. तेव्हा इथे नुसती ढेकळं. त्याला हे शिवार मी कधी दाखवू?