लाह्यांचं पाणी

उजवा तळहात छातीच्या मधोमध ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थांब गो शिस्टर, आग वर येतेय. खाली गेली की बोलतो." मामांचं कुठलंही बोलणं असं सुरू व्हायचं. आपण थांबायचं.

मामा माझे नात्यातले नव्हेत. शेणव्याच्या पुढे आमचं आरोग्य उपकेंद्र आहे. मी तिथली नर्स, ते तिथले पेशंट. काम म्हणाल तर सोयरिकी जुळवणं. शहापूरच्या मुलाला मुरबाडची मुलगी, मुरबाडच्या मुलाला शहापूरची. भात झोडून झालं की निघायचे ते म्हसा गावच्या जत्रेपर्यंत फिरतच असायचे. जत्रेत बैलांच्या बाजारात पेंढ्यावर बसून माणसं पाहायचे. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. बैल घ्यायचा नसतो, विकायचा नसतो, तरी दिवसभर तिथेच.

घरोघर फिरणं म्हणजे घरोघर चहा.

"मामा, आज किती झाले?"

"जास्त नाय. सहा."

"सकाळचे अकराच वाजलेत."

"मग? सात घरं केली. एकाकडं दूध नासलं व्हतं."

त्यावर तंबाखू, संध्याकाळी कुणाकडे तरी कोंबडीचा रस्सा, आणि जेवले की तिथेच आडवे. दर आठवड्याला गोळ्या मागायला हजर. शेवटी दटावून मी त्यांना शहापूरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नळी घालून तपासलं. जखम नव्हती. अन्ननळी पोटाला मिळते तिथली पकड ढिली पडली होती. मामांना ते कळलं नव्हतं, म्हणून मी भाताच्या खाचराचं उदाहरण दिलं. "बांध ढिला झालाय मामा. तुम्ही आडवे झालात की पाणी उलटं धावतं."

"मग उताराला निजतो. भात लावणाऱ्या मानसाला हे शिकवायला लागतं काय?"

दुसऱ्या दिवशी खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा गेल्या. तंबाखू दोनदा सुटली, तिसऱ्यांदा खरी सुटली. थोडं थोडं जेवण, रात्रीचं दिवेलागणीलाच, आणि जेवल्यावर चालायचं. चहा बंद. त्याऐवजी साळीच्या लाह्या भिजवलेलं पाणी, त्यांच्या आईचं औषध. मी आडवी आले नाही. लाह्यांनी बांध दुरुस्त होत नाही, आग तेवढी शमते. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र मनाने सोडायच्या नाहीत, एवढं बजावलं.

दुपारच्या जेवणानंतरचं त्यांचं चालणं मी उपकेंद्राच्या खिडकीतून खूपदा पाहिलं आहे. कापलेली खाचरं, त्यांवर पांढरं ऊन, आणि बांधावरून मामा चाललेले, इतके हळू की हलतायत की नाही ते कळू नये. मध्येच थांबून मान डोलवायचे. समोर कुणी नसायचं.

विचारलं तर म्हणाले, "मांडव दिसतो गो. आदी नुसता मांडव. मग नवरी येते. मग तिच्या बाजूला कोन बसतो, त्याची वाट बघत चालायचं. जेवून निजायचो तवा यातलं काय दिसत नव्हतं."

मी स्वप्नांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या हिवाळ्यात बांधावर दिसलेली एक नवरी माझी भाची होती. सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हा त्यांनी तिला पाहिलं होतं. शहापूरकडचा एक मुलगा त्यांनी तिच्या बाजूला बसवला आणि त्याच्या घरच्यांना घेऊन मुरबाडला माझ्या बहिणीकडे गेले.

आमच्याकडे मुलगी पाहायला गेल्यावर पहिला कप मध्यस्थ उचलतो. तोवर बाकीचे कप बशीतच. त्याने कप बाजूला सारला तर समजायचं, बोलणं इथेच थांबलं. नकार तोंडाने सांगायचा वाईटपणा कुणाला नको, म्हणून ही रीत.

त्या दिवशी लसीकरण होतं, मी गेले नव्हते. संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"मामांनी कप बाजूला सारला गो."

"काय बोलले?"

"काय नाय. छातीला हात लावला, डोळे मिटले, कप सरकवला. मुलाचा बाप लगेच उठला. त्याला वाटलं, पोरीबद्दल मामांना काहीतरी कळलंय. आता चार घरांत तेच बोलतील. पोर आत रडतेय. तिला मुलगा आवडला होता."

चहा मीच बंद केला होता. विटा, जेवणाच्या वेळा, गोळ्या, सगळं नीट समजावलं होतं. मध्यस्थाने समोर आलेल्या कपाचं काय करायचं, हे मला सुचलंच नव्हतं.

चहा सोडल्यापासून घरोघर कप सारायची हाताला सवय झालेली, मामांना तर पत्ताच नव्हता. मुलाच्या बापाला गाडीची घाई असेल, असं ते धरून बसले होते. मी सांगितलं तसे बाकावर टेकले.

"पोर रडली?"

"रडली."

"जातो आन पितो चहा. जळू दे छाती."

"एक प्यायलात की पुन्हा सहांवर जाल. दुसरं काहीतरी बघा," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही घरांना पुन्हा एकत्र बसवलं. कसं, ते विचारू नका. या वेळी मी गेले. कप मांडले गेले. सगळ्यांचे डोळे मामांच्या हाताकडे. मामांनी खिशातून पुडी काढली, काचेच्या पेल्यात लाह्या ओतल्या आणि भाचीला म्हणाले, "पोरी, तुझ्या घरचं पानी घाल यात."

तिने तांब्यातून पाणी घातलं.

"आता भिजू दे."

लाह्या वर येत होत्या, सावकाश फिरत होत्या, एकमेकींना चिकटत होत्या. दारातला उन्हाचा पट्टा सरकत पेल्यापर्यंत आला आणि पाणी उजळलं. चहावर साय धरली. मुलगा पेल्याकडे पाहत होता, आणि पेल्याच्या पलीकडे भाची उभी होती. मला एरवी दोन मिनिटं रिकामं बसवत नाही. त्या दिवशी किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

मुलाचा बाप खाकरला. "मामा, अजून किती?"

"लगीन जन्माचं करायचं, आन लाह्या भिजायला टाइम नाय तुला?"

मग त्यांनी पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या लाहीपर्यंत रिकामा केला. "घ्या रे. झालं."

सगळ्यांनी गार चहा प्यायला. कुणी कुरकुरलं नाही.

तेव्हापासून मामा येणार म्हटलं की ट्रेमध्ये कपांच्या मधोमध लाह्यांचा एक पेला असायचाच.

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. छातीचं काही नव्हतं, वय झालं होतं.

या हिवाळ्यात भाचीच्या नणंदेला पाहायला पाहुणे आले. मीही होते. स्थळ फोनवरून आलेलं, मध्यस्थ कुणीच नाही. भाचीने ट्रे आणून ठेवला. मधोमध लाह्यांचा पेला होता. हाताच्या सवयीने केलेला. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, पण तिने तो परत नेला नाही. पहिला कप कुणी उचलायचा ते ठरेना. नणंद दाराच्या चौकटीला धरून उभी. लाह्या वर येत होत्या, फिरत होत्या. सगळे पेल्याकडे पाहत राहिले, मग एकेक करून माझ्याकडे.

मला ॲसिडिटी नाही. मी पेला पुढे ओढला, लाह्या पुरत्या भिजेपर्यंत थांबले आणि प्यायले. त्या पाण्याला चव अशी नसतेच.

"घ्या," मी म्हटलं, आणि कपबश्या वाजल्या.