वहिनींच्या गोळ्या

तुमच्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी वहिनींचं नाव सांगतो. आईला याचं वाईट वाटतं, पण खरं तेच आहे.

आमचं गाव पाथर्डीच्या बाजूचं, कोरडवाहू. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला राहुरी, कोल्हारकडे जायचं. आठवीत असताना मलाही शाळा सोडवून न्यायचं ठरलं होतं. वहिनींच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "भाऊजींला शाळेतच ऱ्हाऊ द्या. त्यांच्या वाट्याच्या मोळ्या मी वाहीन," असं त्या सासऱ्यांना म्हणाल्या, आणि मी पदवीधर होईपर्यंत त्यांनी त्या वाहिल्या. डोक्यावर ओल्या उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं काय असतं, ते मी सुट्टीत एकदाच पाहिलं. आज मी नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो.

काही वर्षांपूर्वी वहिनींना आवाज ऐकू यायला लागले. फोनमधून कोणीतरी आपलं बोलणं ऐकतंय, असं त्यांना वाटायचं. आधी देवऋषी झाला, मग नगरचे मानसोपचाराचे डॉक्टर. त्यांच्या गोळ्यांनी आवाज थांबले. वहिनी पुन्हा घरात वावरू लागल्या, हसू लागल्या. पण भूक वाढली.

"पोटात खड्डा पडल्यावानी हुतं बगा, भाऊजी. कितीबी खाल्लं तरी भरत न्हाई."

वर्षभरात त्या ओळखू येईनात. नळावरच्या बाया म्हणायच्या, "काय गं, कारखान्याची सगळी साखर तूच संपवली का?" वहिनी त्यांच्याबरोबर हसायच्या आणि घरी येऊन ब्लाउजची शिवण उसवत बसायच्या. आई मात्र खूश होती. "अंग धरलंय पोरीनं. आधी नुसती काडी हुती," म्हणायची.

एका शनिवारी मी गावी गेलो, तर आईने दारातच हातावर गूळ ठेवला.

"तोंड गोड कर. नातू येतोय."

दादा-वहिनींची मुलगी तेव्हा सातवीत होती. एवढ्या वर्षांनी नातू! मी वहिनींकडे पाहिलं. त्या चुलीपुढे पोटावर पदर ओढून बसल्या होत्या. इतकं समाधान त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं.

"डॉक्टरला दाखवलं का?" मी आईला विचारलं.

"आमी काय डॉक्टरला दाखवून बाळंत झालो व्हय? चार म्हैने बाजूला बसली न्हाई ती. दूधबी उतरलंय. आन् त्या गोळ्या बंद केल्यात म्या. लेकराला भाजतील त्या."

मी आरोग्य केंद्राच्या आशाताईंना बोलावून आणलं. त्यांच्या गर्भचाचणीच्या पट्टीवर एकच रेघ उमटली, म्हणजे दिवस गेलेले नव्हते. "पट्टीच जुनी असंल," आई म्हणाली. दुसरी आणली, तिच्यावरही एकच. आईने विचारलं, "मंग ह्ये दूध कशाचं हाय?" आशाताई पट्ट्या पिशवीत टाकत म्हणाल्या, डॉक्टरलाच विचारा. मी विज्ञान शिकवतो, पण ते दूध कशाने आलं हे मलाही ठाऊक नव्हतं.

गोळ्या बंदच राहिल्या. काही दिवसांनी वहिनींना बाळाचं रडणं ऐकू यायला लागलं. त्या झोपेनात. घरात, गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे बाळ शोधत फिरायच्या. शेवटी दादाने आणि मी त्यांना नगरला नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. गोळीमुळे एक हार्मोन वाढलं होतं, त्यानेच पाळी थांबली आणि दूध आलं, असं त्यांनी समजावलं. गोळी बदलून दिली. गोळ्यांत पुन्हा खंड पडला तर भरती करावं लागेल, हेही बजावलं.

परतीच्या बसमध्ये दादाला मागे जागा मिळाली होती. वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हंजी काईच नव्हतं का, भाऊजी?"

पुढच्या सीटवर गावचेच लोक होते. आणि आमच्याकडे दीर वहिनीशी असलं बोलत नाही. "घरी गेल्यावर बोलू," मी म्हणालो. घरी गेल्यावरही बोललो नाही.

आठवड्याने दादाचा फोन आला. त्याचा आवाज पार थकलेला होता.

"घेत न्हाई ती नवी गोळी. म्हनती, पहिल्या गोळीनं माजं लेकरू नेलं. तूच सांग बाबा, तुजं ऐकती ती. माजं डोकं आता चालंना."

फोन त्या अजूनही कानाला लावत नाहीत. पण वाचता येतं त्यांना. शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात बसून लिहिलं:

"वहिनी,

हे पत्र तुम्हीच वाचा, पोरीकडून वाचून घेऊ नका. समोर बोलायला मला संकोच वाटला, म्हणून लिहितोय.

तुम्ही बसमध्ये विचारलं होतं. बाळ नव्हतं. कधीच नव्हतं. म्हणून ते गेलेलं नाही आणि कोणी नेलेलंही नाही. पण पाळी थांबली होती ती खरीच, आणि दूधही खरंच आलं होतं. तुम्ही ढोंग केलं नाही. मेंदूच्या खाली एक बारीक ग्रंथी असते. बाळंतपणानंतर दूध यावं म्हणून ती शरीराला निरोप देते. जुन्या गोळीमुळे तिने तो निरोप उगाच दिला. भूकही त्या गोळीचीच होती, तुम्ही हावरट नाही. आईला हे सगळं मी सांगेन. ते काम तुमचं नाही.

नवी गोळी सहसा असं करत नाही. वाढलेलं वजन उतरेल का, हेही मी विचारलं. थोडं उतरेल, कदाचित नाहीही, असं डॉक्टर म्हणाले. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. मूल हवं असेल तर तेही त्यांना विचारता येईल. तुम्ही आणि दादा आत जा, मी बाहेर थांबेन.

रडणं अजून ऐकू येतं, असं दादा म्हणाला. त्यावर ही गोळी आहे. मला दुसरं काही माहीत नाही, वहिनी. माहीत असतं तर तेच घेऊन आलो असतो.

शनिवारी येतोय. तोपर्यंत सुरू केली असेल तर बरं. नसेल तर मी रागावणार नाही. तुमच्याजवळ बसेन आणि हेच सगळं पुन्हा सांगेन, या वेळी तोंडाने."