बाबांना विचारलं

मित्रांनो, हे आज दुपारचं आहे, आणि इथे सांगायला दुसरं कुणी नाही.

मेंदूविज्ञान आणि त्यातले नैतिक प्रश्न हा माझा विषय. वीस वर्षं परदेशात शिकवतेय, की स्मृती गेलेल्या माणसाचं काही ठरवण्याआधी त्यालाच विचारा.

आठवड्यापूर्वी विजयदुर्गला घरी आले. आयुष्यभर होडी चालवलेल्या माझ्या बाबांना आता विस्मरणाचा आजार आहे. त्यांना मुंबईला न्यायचं का, यावर दादा फोनवर म्हणाला, "तू यातली तज्ज्ञ. तूच ठरव."

मी पडवीत बाबांजवळ बसले. "बाबा, तुका मुंबयक दादाकडे रवाचा आसा?"

ते म्हणाले, "माका हयच बरा. पण माझ्या चेडवाक इचार. ता मेंदूचा शिकलाला आसा. ता सांगात तसा करूया."

"मीच तुझा चेडू, तुझी लेक, बाबा."

"होय?" पाहुण्यांकडे बघून हसावं तसे ते हसले. "मगे ता येयपर्यंत बस. चाय घे."

मी चहा घेतला. दादाला कळवलं, बाबा इथेच राहतील.

तुमच्या घरी कुणी असं विसरलंय का? तुम्ही रोज नव्याने ओळख सांगता, की सांगणं सोडून देता?