दोन ‘च’ आणि एक गाव

माननीय माधवराव सोहोनी यांची आणि माझी पहिली भेट जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या मराठी वर्गात झाली. मी मुलांना ‘चमचा’ शिकवत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आणि चमचे?" पाठोपाठ माधवराव स्वतःच फळ्याशी आले. चमच्यातले दोन्ही च दातांशी उच्चारायचे, पण अनेकवचन झाले की दुसरा टाळूला जातो. पुढे ए आला की च मऊ, असा नियम त्यांनी सांगितला. मुलांनी जर्मनमध्ये विचारले, का? माधवराव म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. मी तेव्हापासून गोंधळलेला आहे. संस्कृतात च एकच. मराठीने त्याचे दोन केले आणि लिहायला मात्र एकच ठेवला.

माधवरावांचे आयुष्य गिअरबॉक्सच्या कारखान्यात गेले. कोणते चाक कुरकुरते ते नुसते ऐकून सांगत. त्यांचा विश्वास कानांवर. मला घर मिळेना तेव्हा ते सोबत आले आणि घरमालकाला म्हणाले, हे गृहस्थ संस्कृतवाले आहेत, यांचा आवाज होत नाही. घर मिळाले.

त्यांच्या खालच्या मजल्यावर फ्राऊ हेडविग राहतात. त्यांचा जन्म एका छोट्या गावातला. युद्धानंतर सरहद्द सरकली, गाव पोलंडमध्ये गेले आणि छोट्या हेडविगबाई आईचा हात धरून इकडे आल्या. विणकरांची गल्ली, घड्याळाचा मनोरा, चौकातला हातपंप हे सारे त्या जिन्यात उभ्या राहून सांगत, आणि माधवरावांनी ऐकून ऐकून गावाचा नकाशा काढला. गावाचे जुने जर्मन नाव आता कुठल्याच पाटीवर नाही. नवे पोलिश नाव माधवरावांना कँटीनमध्ये एका पोलिश सहकाऱ्याने सांगितले. त्यांनी ते देवनागरीत टिपले: मोर्चे.

हेडविगबाईंची दृष्टी मंदावू लागली. दिसते आहे तोवर एकदा तो पंप बघायचा, एवढेच त्यांचे म्हणणे. गेल्या वसंतात आम्ही तिघे निघालो. गाडी माझ्याकडे, रस्ता माधवरावांकडे. त्यांनी स्वतःचे टिपण वाचले आणि स्वतःच्याच नियमाने च मऊ केला. पोलिश लोक हे दोन च वेगवेगळे लिहितात. त्यामुळे त्यांची गावेही दोन आहेत. हवे होते दातांशीचे, आम्ही मऊ गावात पोचलो.

चौक होता, पंपही होता. बाई पंपावर तळवा टेकवून डोळे मिटून उभ्या राहिल्या. मनोऱ्याला मात्र घड्याळ नव्हते. बाकावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी मोडक्या जर्मनमध्ये सांगितले की इथे विणकर कधीच नव्हते, कुंभार होते. तुमचे गाव तासाभरावर. ते गृहस्थही लहानपणी पूर्वेकडून इथे आणून वसवलेले, आणि त्यांचे जन्मगाव आता तिसऱ्याच देशात. गावाचा वारसा विचारावा तर कुणाला, हे मला कळेना.

मी माधवरावांना बाजूला घेऊन म्हटले, "अहो, पंप तो पंप. राहू दे की." सत्य बोलावे की प्रिय, हा आपल्याकडचा जुनाच घोळ. माधवरावांपाशी नियम नाही असे मी तेव्हा प्रथमच पाहिले. मग टोपी काढून ते पुढे झाले. "फ्राऊ हेडविग, चूक माझी आहे. हे तुमचं गाव नाही."

बाईंनी हात काढला नाही. "आल्झो, तरीच! आमची तोटी डाव्या हाताला होती, ही उजवीकडे. मी मघापासून घाबरले होते, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं की काय." आणि त्या चक्क हसल्या.

तासाभराने खऱ्या गावात घड्याळ बंद होते, पंप गंजलेला होता. बाईंनी न बघता डावा हात पुढे केला. तोटी तिथेच होती.

पहिलेही गाव छान होते, पुन्हा जाऊ, असे त्या हल्ली म्हणतात. तेव्हा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरील माधवरावांना दोन्ही गावांना पुरेल इतके निरोगी आयुष्य लाभो. गाडी मी चालवीन. दातांशीच्या ‘च’खाली खुणेचे टिंब तेवढे त्यांनी द्यावे.