आबांची पुढची सीट आणि इटलीचे टोलनाके

लोक परदेशात जाऊन येतात आणि फोटो दाखवतात. आम्ही इटलीला जाऊन आलो आणि टोलनाके सांगतो! जळगावात संध्याकाळी मी चहाच्या कट्ट्यावर पोचलो की कुणी व्हेनिस विचारत नाही, फ्लोरेन्स विचारत नाही. "सर, तो टोपीवाला नाका सांगा ना!" अशी फर्माईश होते. असे किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. पहिला घडतो तेव्हा लाज वाटते, माणूस गप्प बसतो. मग दुसरा घडतो, तिसरा घडतो, आणि एवढी फजिती साठली की लाज आपोआप उतरते आणि आपणच सांगत सुटतो.

आधी मंडळी सांगतो. माझा मेहुणा दीपक इटलीत नोकरीला आहे. त्यानं बोलावलं म्हणून आम्ही चौघं गेलो. मी, माझी बायको सुनंदा, धुळ्याचे साडूभाऊ प्रमोद आणि आमचे सासरे, आबा. आबांची रावेरकडे केळीची शेती. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगावर धोतर, डोक्यावर टोपी आणि तिकडची थंडी म्हणून वर दीपकचा जुना स्वेटर. दीपकला सुट्टी नव्हती. त्यानं भाड्याची गाडी काढून दिली. परदेशात चालणारा परवाना फक्त मी काढला होता, म्हणून स्टीअरिंग माझ्याकडे!

यात माझा एक स्वार्थ होता. आबा प्रमोदच्या गाडीत पुढच्या सीटवर बसतात. माझ्या गाडीत मागे. माझं लग्न झालं तेव्हापासून मागे! शिवाय दाराच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून. कारण विचारलं तर म्हणतात, "मले मागंच बरं वाटते." मला ते मनातून फार लागायचं. इटलीत अशी झकास गाडी चालवायची की परत येईपर्यंत सासरे पुढच्या सीटवर आले पाहिजेत, असं ठरवूनच मी विमानात बसलो होतो.

*

पहिल्या नाक्यावर मशीनचं बटण दाबून तिकीट घ्यायचं होतं. तिकीट घेतलं की समोरचा दांडा वर होतो, आणि पैसे हायवेवरून उतरण्याच्या नाक्यावर भरायचे. स्टीअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडून, हे सगळं सांभाळत मी मशीनच्या शेजारी गाडी उभी केली. शेजारी म्हणजे मधून एक म्हैस आरामात गेली असती इतक्या शेजारी.

हात काढला, पुरेना. खांद्यापर्यंत बाहेर निघालो, पुरेना. पट्टा सोडून कमरेपर्यंत निघालो, तर मागचा हॉर्न वाजवायला लागला. शेवटी दार उघडून खाली उतरलो, चालत गेलो, तिकीट घेतलं आणि परत आलो.

मागून आबांचा आवाज आला, "नाक्यावर पायीच जायाचं व्हतं तं गाडी कायले केली?"

पुढच्या वेळी तिकिटाच्या नाक्याला मी ईर्षेनं गाडी इतकी जवळ घेतली की आरसा मशीनला खर्रकन घासला. सुनंदा म्हणाली, "अहो, आता मशीन आत घ्यायचंय का?"

*

उतरण्याच्या नाक्यावर माणूस होता. मशीनपेक्षा माणूस बरा म्हणून मला हायसं वाटलं. पण प्रमोद माझ्या शेजारी बसलेला. त्याचा नरडाण्याला छोटा कारखाना आहे, रोज धुळ्याहून जाणं-येणं, वाटेत टोलनाका. आपल्याकडे नाक्यावर काच खाली झाली की अर्ध्या लोकांच्या तोंडून आधी एकच शब्द निघतो. गाव कुठलंही असो!

मी पाकीट काढेपर्यंत प्रमोद माझ्या अंगावरून वाकला आणि त्या माणसाला म्हणाला, "लोकल!"

तो माणूस नुसता बघत राहिला. प्रमोदला वाटलं, पुरावा मागतोय. त्यानं खिशातून आधार कार्ड काढून दिलं! मी म्हटलं, "अरे, काय करतोस?" तर म्हणाला, "थांबा ना भो, बठ्ठं माले माहीत शे." बठ्ठं म्हणजे सगळं!

त्या भल्या माणसानं कार्ड हातात घेतलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, फोटोकडे पाहिलं, प्रमोदकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी अदबीनं परत दिलं आणि बोटानं समोरचा आकडा दाखवला.

पैसे भरून आम्ही निघालो. प्रमोद जराही खजील नव्हता. "पण कार्ड नीट पाहिलं हां सर. आपल्याकडे कोण एवढं पाहतं?"

आणि मी? त्याचं एक कमी पडलं तर असावं, म्हणून माझंही आधार कार्ड मी तोवर मांडीवर काढून ठेवलं होतं.

*

आता टोपीवाला नाका.

फ्लोरेन्सला जाताना तिकीट घेतलं आणि जपून ठेव म्हणून सुनंदाकडे दिलं. उतरण्याचा नाका आला. "दे तिकीट." ती म्हणाली, "मी आबांकडे दिलं." आबा हँडल धरून गाढ झोपलेले!

सासऱ्यांना झोपेतून उठवायचं धाडस कुणात नाही. तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लावतात, असं दीपकनं बजावलं होतं. आम्ही शोधायला लागलो. शेवेचा डबा उघडला, केळीच्या वेफर्सची पिशवी उलटी केली, प्रमोदनं तर स्वतःचे बूटही झटकले. खिडकीतली मुलगी हे सगळं हनुवटीला हात लावून बघत होती.

तेवढ्यात आबा जागे झाले. "काय हुडकून राह्यले रे तुमी?"

"तिकीट, आबा!"

"एवढंच ना?" आबांनी टोपी काढली. सगळी हयात एसटीनं फिरलेला माणूस, तिकीट टोपीच्या घडीतच ठेवणार! घडीतून इटलीचं तिकीट निघालं, आणि त्याच्यामागून भुसावळ-रावेरची जुनी तिकिटंही निघाली. त्यातलं एक निवडून आबांनी माझ्या हातात ठेवलं.

"आबा, हे एसटीचं आहे."

"मंग? तेच द्या. पंच्याहत्तरच्या वरच्याले फुकट असते. सांगा तिले!"

*

या पुढचा किस्सा सांगताना माझा धंदा सांगावा लागतो, आणि तिथेच लोक हसायला लागतात. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो.

निघायच्या आदल्या दिवशी मी जळगावात माझ्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हळूच सोलून बॅगेत टाकला होता. हो, इटलीला नेला! सेन्सर म्हणजे सेन्सर, असा माझा हिशोब. व्हेनिसच्या वाटेवर मी तो चिकटपट्टीनं भाड्याच्या गाडीला लावला. प्रमोदनं भाबडेपणानं विचारलं, "सर, चालीन का ते?" त्याला मी रेडिओ लहरींवर लेक्चर दिलं. पुढचा नाका येईपर्यंत संपलं नाही.

नाक्यावर एक पिवळी लेन होती. टॅगवाल्यांची, एकदम मोकळी. "बघा आता!" म्हणत मी आत घातली.

दांडा हलला नाही. आपल्याकडे करतात तसं गाडी जरा मागे घेतली, जरा पुढे घेतली. मग टॅग काचेवरून काढला, हात बाहेर काढून सेन्सरला ओवाळला. तोवर मागे गाड्यांची रांग लागली होती. प्रमोद तडक खाली उतरला आणि मागच्या गाड्यांच्या बॉनेटवर थाप मारत सुरू झाला, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!" आणि एक गाडी खरंच मागे सरकली!

तेवढ्यात भोंग्यातून कुणीतरी ओरडलं. भाषा कळली नाही, पण सूर आमच्या प्राचार्यांचा होता. प्रमोद पळत आत आला. मशीनमधून एक चिठ्ठी बाहेर आली आणि दांडा वर झाला.

"पावती आली!" मी ओरडलो. "पैसे कापले! टॅग चालला!" आबांनी मागच्या काचेतून एकदा त्या रांगेकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी दीपकनं चिठ्ठी वाचली. "दाजी, यात लिहिलंय की तुम्ही पैसे न भरता गेलात. मुदतीत भरा."

प्रमोद म्हणाला, "म्हणजे सर, तुमच्या लेक्चरला मी जे कळल्यासारखी मान हलवली, ते बठ्ठं वाया गेलं ना!"

आबा शेवटपर्यंत मागेच बसले. गाडी परत करायला निघालो तेव्हा मी मुद्दाम पुढचं दार उघडून धरलं. त्यांनी तिथे वेफर्सची पिशवी ठेवली आणि स्वतः मागे गेले. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

*

आणि हा शेवटचा नाका. इटलीतला नाही, आपल्याकडचाच.

परत आल्यावर बरेच दिवस मी जळगावातल्या जळगावातच फिरत होतो. मग बोदवडला नात्यातलं एक लग्न निघालं. जाताना मी टोल नसलेल्या आतल्या रस्त्यानं गेलो; येताना आबांना घेऊन हायवेनं जळगावला यायचं होतं. गाडीत आम्ही दोघंच. पुढची सीट रिकामी, आबा मागे, हात हँडलवर. जणू मी त्यांचा ड्रायव्हर!

नाका आला. इटली फिरून आलेला तो फास्टॅग मी पुन्हा काचेला चिकटवून ठेवला होता. एकदा सोललेला टॅग परत चालत नाही, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मला माहीत असायला हवं होतं. नाक्यावरचा माणूस म्हणाला, "साहेब, टॅग मेलेला आहे. गाडी मागे घ्या, शेवटच्या लेनला या."

मागे केळीचे ट्रक. सगळे एकदम हॉर्नवर! पहिला ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ चष्मेवाले, गाडी चालवता येत नाही तर घरी बसा ना!"

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आबा उतरले. मला वाटलं, झालं, आता हे घरी पायीच जाणार.

आबा धोतराचा सोगा धरून सरळ त्या ट्रकसमोर जाऊन उभे राहिले. हात वर केला.

"ओय! कोनाले बोलून राह्यला? माहा जावाई हाये तो. इटलीत गाडी चालवेल हाये त्यानं! तू गेलता का कधी? घे मागं!"

मग बॉनेटवर थाप. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!"

ट्रक मागे सरकले. मी गाडी मागे घेतली, शेवटच्या लेनला लावली. आबा चालत आले. पुढचं दार उघडलं, धोतर सावरून माझ्या शेजारी बसले. टोपी नीट केली. मग दोन्ही हात वर करून हँडल घट्ट धरलं.

"चला," ते म्हणाले. "पन हळू."