ब्राझील कोणाकडे जेवणार?

महादेवरावांच्या हातून जे झालं ते माईकमुळे झालं, असं ते अजूनही म्हणतात. माणूस मुळात साधा. मेहकरच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून सगळी नोकरी गेली, आणि त्या नोकरीत माईकवर बोलायचं म्हणजे फक्त गावांची नावं घ्यायची. जानेफळ, लोणार, सुलतानपूर, पुन्हा जानेफळ. नावाला विशेषण जोडायची सोय नाही. एकदा त्यांच्या तोंडून 'निसर्गरम्य लोणार' असं निघून गेलं, तेव्हा रांगेतली माणसं गाडी सोडून त्यांच्याकडे पाहायला लागली होती. निवृत्त होऊन ते आडबोरीला आले, गावाचा माईक त्यांच्याकडे आला, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेली विशेषणं मोकळी सुटली. आडबोरीचा पोळा विदर्भातला सर्वात देखणा झाला. नळाची तोटी बदलली तीसुद्धा ऐतिहासिक झाली.

तर सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. गावातल्या पोरींनी फुटबॉलमध्ये तालुक्याची ढाल आणली होती आणि महादेवरावांनी त्यांचं अभिनंदन करून खाली बसायचं, एवढंच ठरलं होतं. अभिनंदन झालं. पण टाळ्या थांबेनात. टाळ्या चालू असताना माईक खाली ठेवणं त्यांना कधी जमलेलं नाही. ते म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी याच मैदानावर आंतरराष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धा भरवण्यात येईल, ही विनंती."

मग त्यांनी माईककडे असं पाहिलं, जसं आपण आपल्याला चावलेल्या दुसऱ्याच्या कुत्र्याकडे पाहतो.

सरपंच हुशार माणूस. गावाच्या कडेची ती ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची, मोकळी जागा, जिथे पोरी खेळायच्या, तिथे दुकानांचे गाळे काढायचं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. त्यांनी माईक घेतला आणि हसत हसत जाहीर केलं की महादेवरावांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. स्पर्धा झाली तर जागा कायमची पोरींची. नाही झाली तर गाळे. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आडबोरीत टाळ्या वाजवायला विषय लागत नाही.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून जयमालाबाई उठल्या.

जयमालाबाईंचं वांग्याचं वावर त्या मैदानाला लागून. पोरींचा बॉल वांग्यात पडायचा आणि सुरुवातीला तो परत मिळायचा नाही. घरात कोहळ्यांच्या शेजारी बॉल रांगेनं मांडून ठेवलेले असायचे. मग एका संध्याकाळी बॉल मागायला त्यांच्या दिराची पोरगी अर्पिता आली. ती संघाची गोलकीपर. जयमालाबाईंनी बॉल दिला नाहीच, रागानं भिरकावला, तो वरच्या वर. अर्पिता हवेत गेली, आडवी झाली, आणि बॉल पोटाशी धरून मिरचीच्या वाफ्यात उतरली. जयमालाबाई नुसत्या पाहत राहिल्या. त्या क्षणी त्यांना काय दिसलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण रात्री सगळे बॉल धुऊन, पुसून मैदानात नेऊन ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दिवेलागणीला बांधावर बसायला लागल्या. शेगावच्या पलीकडे त्या कधी गेलेल्या नाहीत. ढोराच्या मागे धावण्यात मात्र त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. धावायला कारण म्हणून जन्मभर ढोरच मिळालं, एवढंच.

त्या उठल्या आणि त्यांनी विचारलं, "भाऊ, पुढच्या वर्षी मंजे कधी? सप्त्याच्या आधी का मंग?"

महादेवराव म्हणाले, आधी. न म्हणून काय करतात.

इथे आडबोरीच्या सप्त्याबद्दल सांगायला हवं. दरवर्षी भागवत सप्ताह होतो, आसपासच्या खेड्यांतली माणसं लोटतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पुऱ्या आणि वांग्याची भाजी भरून ती ट्रॉली पंगतीतून हळूहळू चालवतात आणि दोन्ही बाजूंना वाढत जातात. कोणत्या दिवसाची पंगत कोणत्या घराची, कीर्तनकार कोणाकडे उतरणार, टाळकरी कोणाकडे, हे सगळं जयमालाबाई ठरवतात. मोठं काम म्हणजे सप्ताह, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. त्यांनी ही स्पर्धा त्याच चाकोरीत घातली. कीर्तनकारांच्या जागी देश आले.

दिवाळी झाल्यावर त्या घरोघर देश वाटायला निघाल्या. महादेवराव पाठीमागे. एकतर चूक त्यांची, आणि दुसरं म्हणजे देशांची नावं त्यांना भराभर घेता यायची, स्टँडची सवय. ब्राझील विहिरीवाल्या घराला दिला, कारण तिकडच्या बायका फार पळतात, पाणी जास्त लागणार. नॉर्वे थंडीतला, त्याला माडीवरची वाऱ्याची खोली. अर्जेंटिना ब्राझीलच्या शेजारच्या घरात द्यायचा नाही. त्यांची भाऊबंदकी आहे असं अर्पितानं सांगितलं होतं. गोजरबाईंनी जपान मागून घेतला. त्यांचं म्हणणं, जपानची माणसं लहान चणीची असतात आणि आपल्याकडे बाजा आखूड आहेत.

मेहकरचे एक व्यापारी म्हणाले, मोठी मदत करतो, पण फलकावर माझा फोटो मोठा पाहिजे. जयमालाबाई म्हणाल्या फोटो केवढाही लावा, पण देश घ्यावा लागेल. त्यांनी स्वित्झर्लंड मागितला. लग्नानंतर जायचं राहून गेलं होतं.

नुसते पैसे द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि जयमालाबाईंनी ते मागितलेही नाहीत. ट्रॉली फिरली. कोणी गहू टाकला, कोणी तूरडाळ, कोणी तेलाचा डबा. मंडपवाल्यानं गोलासाठी बल्ल्या दिल्या. जाळी शेडनेटची झाली, हिरवीगार. त्यामुळे गोलमध्ये मिरचीची रोपं लावल्यासारखं दिसायचं. संध्याकाळी धुकं उतरलं की ते दोन हिरवे चौकोन वावराच्या वर तरंगत असायचे आणि महादेवराव बांधावर जयमालाबाईंपासून चार हात लांब बसून ते पाहत राहायचे.

हळूहळू त्यांना सगळं खरं वाटायला लागलं होतं. तुरी कापून मोकळ्या झालेल्या वावरांतून उंच उंच बायका चालत येताहेत, पायांत रंगीत बूट, हातात आपापल्या गावाकडच्या पिशव्या. कोणी विहिरीवर तोंड धुतंय. कोणी वांग्याचं फूल पाहायला वाकलंय. केनियाची एक पोरगी निंबाखाली झोपली आहे आणि तिच्या तोंडावर कोणीतरी पदर घातलाय. जयमालाबाई तर पाहुण्यांविषयी घरच्यासारखं बोलायच्या. नॉर्वेला तिखट सोसत नसेल. ब्राझीलचं लग्न झालेलं असलं तर ओटी भरावी लागेल, नसलं तर नुसता नारळ. गावानं गाद्यांना उन्हं दाखवली. मुलं वाटेत एकमेकांना विचारायची, "तुमच्या घरचा कोणता बे?" आणि ज्याच्या घरी कोणताच देश नाही तो मान खाली घालून पुढे जायचा.

स्पर्धा आठवड्यावर आली. जयमालाबाईंच्या ओसरीत पुऱ्यांचं पीठ किती भिजवायचं यावर बायकांचं चाललं होतं. महादेवराव ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या मनात एक गोष्ट आली.

"जयमालाबाई," ते म्हणाले, "पण यायले बोलावलं कोणी?"

पिठाचे हात थांबले.

कोणीच बोलावलं नव्हतं. घरं ठरली, पंगती ठरल्या, आंघोळीच्या पाण्याची हंडी कोणाची तेही ठरलं, आणि एकाही देशाला कोणी कळवलं नव्हतं. यात जयमालाबाईंचा विसर नव्हता. सप्त्याला कोणाला आमंत्रण द्यायची रीतच नाही. सप्त्याला बोलावलं तर माणूस उलट रागावतो, मी काय परका आहे का म्हणतो. ज्याच्या कानावर जातं तो येतो. जयमालाबाईंचा हिशोब असा की एवढी मोठी गोष्ट, जाईलच कानावर.

"नॉर्वेच्या कानावर?" महादेवराव म्हणाले.

"तुमी एवढं मोठ्यानं सांगतलं माईकवर," गोजरबाई म्हणाल्या.

त्या रात्री महादेवरावांना झोप आली नाही. डोळे मिटले की मैदानावर गाळ्यांची शटरं खडखडत खाली यायची आणि प्रत्येक शटरवर त्यांचा स्वतःचा फोटो असायचा. अर्पिता गाळ्यात किराणा तोलत बसलेली दिसायची. सकाळी ते जयमालाबाईंकडे गेले तेव्हा त्या चांगलं लुगडं नेसून, पिशवीत नारळ भरून तयार होत्या. लोणारला चला म्हणाल्या. परदेशची माणसं तिथलं खड्ड्यातलं तळं पाहायला येतात, हे त्यांना बाजारात कळलं होतं.

जानेफळहून मेहकर, मेहकरहून लोणार. गाडीत महादेवराव मनातल्या मनात इंग्रजी जुळवत होते. तळ्याच्या काठावर उभं राहिलं की खाली हिरवं पाणी दिसतं, भोवती झाडी, आणि एवढी शांतता की आपण काय मागायला आलो होतो तेच आठवत नाही. आकाशातून काहीतरी येऊन पडलं आणि हे झालं, एवढंच लोकांना ठाऊक. जयमालाबाईंनी ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "हे बी बिनबोलावताच आलं ना?"

काठावर सात जणी होत्या. उन्हाच्या टोप्या, हातात छोट्या हातोड्या. दगडांचा अभ्यास करायला एका परदेशी विद्यापीठातून आलेल्या. महादेवरावांनी घसा साफ करून "रिस्पेक्टेड मॅडम" एवढं म्हटलं आणि पुढचं इंग्रजी तळ्यात पडलं. जयमालाबाई सरळ पुढे गेल्या, सातही जणींना कुंकू लावलं, प्रत्येकीच्या हातात नारळ ठेवला आणि सांगितलं, "सैपाक तयार हाय."

त्यांच्यासोबतच्या गाईडनं त्याचं भाषांतर केलं. भाषांतर जयमालाबाईंच्या वाक्यापेक्षा बरंच लांबलं, त्यात पाय हलवून दाखवणंही आलं. सात जणी एकमेकींकडे पाहून हसल्या. चौघी शाळेत खेळलेल्या होत्या. उरलेल्या तिघी म्हणाल्या, आम्ही आडव्या येऊ. रविवारी येतो म्हणाल्या. दोन केनियाच्या, दोन जर्मनीच्या, दोन कोलंबियाच्या आणि एक चक्क जपानची. ती चांगली सहा फूट उंच होती. गोजरबाईंना हे आधी सांगायचं नाही असं परतीच्या गाडीत ठरलं.

रविवारी त्या आल्या. कानावर गेलं म्हणून वडनेर भोलजीच्या पोरींचा संघ आला, आणखी दोन-तीन गावांचे आले. पण गावात तंटा वेगळाच उभा राहिला. विहिरीवाल्या घराचे वामनराव तंबाखू मळत येऊन उभे राहिले. गाद्या वाळवल्या, बासुंदी आटवली, आमचा ब्राझील कुठाय? जयमालाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि वडनेर भोलजीच्या संघाला हाताला धरून त्यांच्या दारात नेऊन सोडलं. आज हाच तुमचा ब्राझील. त्या पोरींनी हो-नाही केलं नाही. बासुंदीचा वास येत होता. असं करता करता नॉर्वे झाला, अर्जेंटिना झाला. व्यापाऱ्याचा स्वित्झर्लंड जानेफळच्या पोरी झाल्या आणि दिवसभर थंडी वाजल्याचा अभिनय करत हसत राहिल्या. कोलंबिया कोणाच्याच वाट्याला दिलेला नव्हता. तो जयमालाबाईंनी स्वतःच्या घरी नेला.

आणि मग, सप्त्याच्या रितीनं, आधी पंगत बसली. खेळाडूनं खेळायच्या आधी किती खावं हे तिथं विचारायचं कोणी? ट्रॉली येत राहिली, पुऱ्या पडत राहिल्या. नको म्हणायला केनियाच्या मुलीनं पानावर दोन्ही हात धरले, तेव्हा वाढणाऱ्यानं हातांवर पुरी ठेवली.

त्यानंतर जे फुटबॉल झालं तसं जगात कुठं झालं नसेल. वारा पडलेला, ऊन कोवळं, हवेत तुरीच्या भुशाची सोनेरी धूळ, आणि पोट भरलेल्या मुली त्यातून पाण्याखाली चालल्यासारख्या धावताहेत. बॉल घरंगळत जायचा आणि सगळ्या जणी त्याच्याकडे मायेनं पाहायच्या. जर्मनीची एक जण हिरव्या जाळीला टेकली ती तिथंच पेंगली. महादेवराव माईकवर नावं घेत होते. ब्राझीलकडून केनियाकडे, केनियाकडून आडबोरी, आडबोरीवरून जपान. त्या दिवशी त्यांना एकही विशेषण सुचलं नाही. उंच जपाननं एकदा खरोखरीचा बॉल मारला, अर्पिता आडवी झाली, आणि बॉल पोटाशी घेऊन पडली ती हसायलाच लागली. बांधावर गोजरबाई आपल्या जपानसाठी ओरडत होत्या आणि जयमालाबाई ओरडत नव्हत्या. त्या उभ्या होत्या. पायातल्या चपला काढून उभ्या होत्या.

संध्याकाळी पाहुण्यांची गाडी गेली. गाव बराच वेळ रस्त्यावरच्या धुळीकडे पाहत राहिलं. मग सरपंच घसा साफ करत आले. त्यांच्याही घरी जर्मनी जेवली होती, तेव्हा आवाज मऊ होता. पण म्हणाले की सात विद्यार्थिनी म्हणजे काही देश नव्हेत, वरच्या लोकांना विचारावं लागेल, गाळ्यांचं तसं अजून उभंच आहे, बैठकीत पाहू. एवढं बोलून ते गेले.

मैदानात उष्ट्या पत्रावळी गोळा करत जयमालाबाई वाकलेल्या होत्या. महादेवराव त्यांच्याजवळ गेले. इतक्या महिन्यांचं ओझं त्यांच्या तोंडावर आलं होतं. त्यांनी विचारलं की मग आता काय समजायचं, जागा राहिली की गेली?

जयमालाबाई कंबर धरून सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी पोरी खेळाले येतीन, मंग ज्याले गाळे बांधाचे त्यानं मधात येऊन उभं राहाव."