ओल्या फळ्या

सुतारमिस्त्री शहात्तर वर्षांचा, आणि जीभ रंध्याच्या पात्यापेक्षा धारदार. मी शेजारच्या गाळ्यात त्याच्या खुर्च्यांना गाद्या बसवतो, त्यामुळे त्याची शिवी आधी माझ्याच वाट्याला येते. म्हातारी माणसं गोड असतात ही अफवा कुणी पसरवली, देव जाणे.

मागच्या महिन्यात त्यानं ओल्या लाकडाची गाडी मागवली. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी चळत रचली. असं लाकूड वाळायला चार-पाच वर्षं लागतात. त्याआधी खुर्ची केली तर सांधे सुटतात. नेमकं तिथेच मुलाला स्वतःच्या दुकानाचा माल ठेवायचा होता.

"बाबा, हे वाळेपर्यंत..." म्हणून मुलगा थांबला.

"बोल की पुढे. दातखीळ बसली?"

"तसं नाही, पण तुमचं वय..."

"माझं वय मला ठाऊक आहे. माझ्या मरणाचा मुहूर्त तू काढू नकोस!"

सून मध्ये पडली. "बाबा, आता आरामात बसा ना." मिस्त्रीनं तिला असं काही सुनावलं की तिनं अबोलाच धरला. बिचारीचं काही चुकलं नव्हतं. पण 'आराम' म्हटलं की आमच्या वयाच्या माणसाला कुणीतरी बाहेरून कडी घालतंय असं वाटतं.

मिस्त्री डोळे तपासायला गेला तेव्हा मुलानं डाव साधला. तो दुष्ट नव्हता, नुसता मठ्ठ होता. नव्या फळ्यांवर बापाचा जीव. त्यांना हात लावला तर घर डोक्यावर घेईल. म्हणून मागच्या भिंतीची काळवंडलेली, धुळकट चळत त्यानं भंगार समजून वखारवाल्याला देऊन टाकली आणि तिथे आपली खोकी रचली. ती चळत वाळलेली होती. कित्येक वर्षं जपलेली. आमचं पुढचं सगळं काम तिच्यावरच होतं.

मिस्त्री परतला आणि ती खोकी बघून जागीच थिजला. मी वखारीकडे धावलो, तर तिथे जळणासाठी फळ्या कापून झाल्या होत्या. परत येऊन सांगितलं. आता खून पडतो, असं मला वाटलं.

पण तो ओल्या चळतीवर टेकला.

"भीती वाटते रे," तो मला म्हणाला, मुलाला नाही. "सकाळी डोळा उघडला की आधी भीतीच. ही गाडी त्यासाठीच आणली. पुढचं काही काम शिल्लक असलं की जरा कमी वाटते."

मुलानं ते ऐकलं. त्याचा चेहरा पडला. "चुकलो बाबा. तयार लाकूड आणून देतो."

"दुसऱ्यानं वाळवलेल्या लाकडाला मी हात लावत नाही." मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठला. "आता ह्या फळ्या वाळेपर्यंत मला जगावंच लागणार. तुझ्याच घरात, तुझ्या नाकावर टिच्चून! आणि ती खोकी उचल आधी. वारा अडतोय."